रताळ्याच्या वाणांची तुलना : वाढ, उत्पन्न आणि तराजू

नागपूरकडे रताळ्यास कोणी मुख्य पीक समजत नाही. कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा यांचा जमाखर्च कास्तकाराच्या वहीत असतो. रताळ्याचा वेल मात्र बाडीच्या कडेस किंवा नदीकाठच्या गाळवटीत दोनचार गुंठ्यांत सोडलेला असतो, आणि महाशिवरात्रीच्या बाजारी जे पैसे येतील ते तसेच खर्चून जातात. हिशेब नसल्यामुळे वाणाविषयीही निश्चित असे काही कोणास सांगता येत नाही. कोणी म्हणतो तांबड्या सालीचे अधिक उतरते, कोणी पांढऱ्याची ग्वाही देतो. अलीकडे पाहुण्यारावळ्यांकडून नव्या वाणांचे वेल हातोहात येऊ लागल्यापासून या मतभेदांत भरच पडली आहे.

गेल्या हंगामात कन्हान नदीकाठच्या एका कास्तकाराने आम्हांस असे विचारले की, त्याच्या वडिलांच्या वेळचे तांबडे रताळे अजिबात मोडून एक एकरभर नवे वाण लावावे की कसे. नव्या वाणाचा वेल त्याने शेजाऱ्याच्या बाडीत पाहिला होता, आणि तो गुडघाभर माजलेला पाहून त्याचे मन वळले होते. त्याच्या खाली कंद किती आहेत असे आम्ही विचारता, ते अद्याप खणलेले नाहीत असे उत्तर आले. एक एकर लागवडीस 60 सेंटिमीटर अंतराच्या सऱ्यांवर 20 सेंटिमीटरला एक याप्रमाणे सुमारे 33 हजार 700 बेणी लागतात. बेणी, मजुरी, ओलीत आणि चार महिने अडकलेली जमीन इतके सर्व ज्या निर्णयावर अवलंबून आहे, तो पानांकडे पाहून करण्याची चाल आमच्या भागात फार आहे. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडीत आहो.

प्रथम झाडाची ओळख. नावात साम्य असले तरी रताळ्याचा बटाट्याशी सोयरसंबंध नाही. बटाटा हे जमिनीखालील खोड होय. रताळे हे फुगलेले मूळ होय. पाणथळ जागी वाढणारी नाळीची भाजी आणि आपल्याकडे नाल्यानाल्याने माजलेली बेशरम ही रताळ्याची खरी भावंडे. बेशरमेस कोणी खत घालीत नाही, पाणी देत नाही, तरी ती हटत नाही. तो चिवटपणा रताळ्याच्या वेलातही आहे. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करितात, आणि ते अन्न एक तर नवी पाने व वेल वाढविण्याकडे जाते, नाही तर मुळांत साठते. जमिनीत नत्र व ओल मुबलक असली म्हणजे वेल आपलेच अंग वाढवीत राहतो व मुळाकडे कमी धाडतो. गावखारीतील खतावलेल्या जमिनीत पाने हातभर रुंद आणि खाली बोटासारखी मुळे, हा प्रकार पुष्कळांनी पाहिला असेल. याकरिता या पिकास पालाश नत्रापेक्षा कमी पडू देऊ नये, आणि उशिरा युरिया तर मुळीच टाकू नये.

कोणती मुळे फुगून कंद व्हावयाची हे बहुतांशी लावणीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यातच ठरते. पुढील काळ ती भरण्याचा. या पहिल्या काळात पाणी साचले, माती दडपली गेली किंवा निंदण मागे पडले, तर चांगल्यातले चांगले वाणही हात टेकते. दोन वाणांची तुलना करिताना एकाचे निंदण वेळेवर आणि दुसऱ्याचे पंधरा दिवसांनी झाले, तर ती तुलना वाणांची न राहता निंदणाची होते.

आता जमिनीकडे वळू. आमचा जन्म महसुलाच्या कारकुनीत गेला, त्यामुळे शेत म्हटले की प्रतवारी आठवते. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत या जिल्ह्यातील जमिनीस काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेतारी, कछार अशी नावे दिलेली आढळतात, आणि म्हातारे कास्तकार आजही तीच बोलतात. सारा आकारताना काळीचा मान पहिला. रताळ्याच्या दृष्टीने मात्र ही उतरंड बरीचशी उलटी होते. भारी काळी जमीन ओलीने फुगते व वाळली की भेगाळते. फुगलेल्या चिकट मातीत कंद वेडेवाकडे होतात, खणताना तुटतात, आणि भेगांवाटे सोंड्या भुंग्यास कंदापर्यंत आयती वाट मिळते. नदीकाठची कछार, रेतीमिश्रित मोरंड किंवा बऱ्या खोलीची खरडी यांत कंद सरळ व गुळगुळीत निघतो. बरडी मात्र फारच उथळ. तेथे ओल टिकत नाही. काळीतच लावणे भाग असेल तर सऱ्या उंच कराव्या, कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे व शेवटपर्यंत हलके पाणी देऊन भेगा पडू देऊ नयेत.

इतके सांगण्याचे कारण असे की, वाणांचे छापील उत्पन्न ज्या जमिनीत मोजलेले असते ती जमीन आपली नसते. कंदपिकांवर काम करणारी केंद्रीय संस्था 1963 साली तिरुवनंतपुरम येथे स्थापन झाली व तिचे प्रादेशिक केंद्र भुवनेश्वर येथे आहे. या पिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1968 पासून चालू असून आपल्या राज्यात दापोली हे त्याचे एक केंद्र आहे. जांभ्याची तांबडी माती, समुद्राची हवा, कोकणातील मुसळधार पाऊस या परिस्थितीतील आकडे नागपूरच्या सुमारे 1,100 मिलिमीटर पावसाच्या व कोरड्या हिवाळ्याच्या मुलखात जसेच्या तसे उतरतील असे मानणे धाडसाचे होईल. ते आकडे खोटे नव्हेत. ते त्या त्या जागेचे आहेत.

तरीही त्यांतून वाणाचा स्वभाव कळतो, आणि तोच पाहावयाचा. 'श्रीभद्रा' हे सुमारे 90 दिवसांत येणारे वाण असून मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना अडकविण्याचा गुण त्यात सांगितला आहे. 'श्रीकनका' त्याहूनही लवकर, अडीच-पावणेतीन महिन्यांत तयार होते व त्याचा गर गडद नारिंगी असतो. 'गौरी' हे भुवनेश्वरकडील वाण सुमारे चार महिने घेते. दापोलीच्या विद्यापीठाचे 'कोकण अश्विनी' साडेतीन महिन्यांच्या आसपास येते. 2017 साली प्रसृत झालेल्या वाणांपैकी 'भू सोना' हे नारिंगी गराचे असून त्याचे उत्पन्न हेक्टरी सुमारे 20 टन व दर 100 ग्रॅम गरात 14 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असे नमूद आहे. जांभळ्या गराच्या 'भू कृष्णा'चे उत्पन्न हेक्टरी 18 टनांच्या जवळपास सांगतात. देशाची सरासरी हेक्टरी 10-11 टनांच्या घरात असल्यामुळे या आकड्यांनी मन हुरळते हे खरे.

नारिंगी गराविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. बीटा-कॅरोटीनचे शरीरात 'अ' जीवनसत्त्व होते, आणि लहान मुलांच्या दृष्टीस त्याची गरज मोठी. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांस 2016 चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले, ते याच कारणास्तव. तेव्हा घरच्या मुलांकरिता दोन सऱ्या नारिंगी वाणाच्या असाव्या हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे, मग बाजारात त्यास भाव मिळो वा न मिळो. बाजाराची गोष्ट वेगळी. शिवरात्रीचे गिऱ्हाईक उकडल्यावर पिठूळ लागणारे, ओळखीच्या सालीचे रताळे मागते. नारिंगी गर पुष्कळदा ओलसर लागतो. लागवड वाढविण्यापूर्वी पाच-दहा किलो माल कळमन्याच्या एखाद्या अडत्यास दाखवून त्याचे मत घ्यावे.

दिवसांचा हिशेब आपल्याकडे शिवरात्रीशी बांधलेला आहे, आणि पंचांगाने येथे कास्तकाराची एक सोय करून ठेविली आहे. दसरा व महाशिवरात्र हे दोन्ही तिथीने येणारे दिवस असल्यामुळे, इंग्रजी तारखा मागेपुढे झाल्या तरी त्यांतील अंतर, मध्ये अधिक मास न आल्यास, 136 दिवसांच्या आसपास कायम राहते. उदाहरणार्थ, 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला व पुढील शिवरात्र 15 फेब्रुवारी 2026 ला आली. 2023 चा दसरा 24 ऑक्टोबरला व पुढील शिवरात्र 8 मार्च 2024 ला. दोन्ही वेळा अंतर 136 च. पाऊस उघडलेला असतो, जमिनीत ओल असते. त्या सुमारास चार महिन्यांचे वाण लावले तर काढणी, धुणे व वाहतूक यांस पंधरवडा उरतो. नव्वद दिवसांचे वाण कार्तिकी पौर्णिमेपर्यंतही लावता येईल असे कागदावर दिसते, कारण तेथून सुमारे शंभर दिवस हाती राहतात. परंतु डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीची थंडी पुष्कळदा 10-12 अंशांवर उतरते व रताळ्याची वाढ मंदावते. केरळातील नव्वद दिवस म्हणजे नागपुरातील नव्वद दिवस नव्हेत. शिवरात्र उलटून गेल्यावर तयार झालेल्या मालास कोण विचारतो, हे सांगावयास नको.

तर मग खात्री कशी करावी? येथे आमच्या खात्यातील अनुभवाचा उपयोग होण्यासारखा आहे. पूर्वी पिकाची आणेवारी नजरेने ठरे. पाटील, पंच व अंमलदार धुऱ्यावर उभे राहत, आणि कोणी आठ आणे म्हणे, कोणी दहा. धुऱ्याजवळचे पीक चांगले असले तर सर्व शेत चांगले वाटे. 1940 नंतरच्या दशकात सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कृषी संशोधन परिषदेमार्फत पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशात रुजविली. तिचे मर्म इतकेच की, शेत व शेतातील तुकडा पसंतीने न निवडता सोडतीसारख्या रीतीने निवडावा, ठराविक मापाचा तुकडा आखावा, त्यातील पीक कापून वजन करावे. असा तुकडा पुष्कळदा शेतमालकास नापसंत पडतो. त्यास आपला चांगला कोपरा दाखवावयाचा असतो. पण तराजूस मालकाची हौस कळत नाही. सुखात्मे व वि. गो. पानसे यांचा शेतीच्या संख्याशास्त्रावरील ग्रंथ 1954 साली निघाला, आणि चिठ्ठ्या टाकून वाफे वाटण्याचे तत्त्व त्याआधीच इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे काम करीत असता आर. ए. फिशर यांनी मांडले होते. हीच रीत दोन गुंठ्यांत कास्तकारासही करता येते, ती अशी.

समजा, आपले तांबडे व दोन नवी वाणे अशी तीन वाणे तोलावयाची आहेत. प्रत्येक वाफ्यात 60 सेंटिमीटर अंतराच्या चार सऱ्या, प्रत्येक सरी 5 मीटर लांब. प्रत्येक सरीवर 20 सेंटिमीटरला एक याप्रमाणे 25 बेणी, म्हणजे वाफ्यास 100. असे प्रत्येक वाणाचे चार वाफे, एकूण बारा. जमिनीचा उतार नाल्याकडे असेल तर वरच्या अंगास पहिले तीन वाफे, त्याखाली दुसरे तीन, याप्रमाणे चार फेर करावे, आणि प्रत्येक फेरात तिन्ही वाणे एकेकदा यावी. फेरातील कोणता वाफा कोणत्या वाणास हे घरातील मुलाकडून चिठ्ठी उचलवून ठरवावे. हे हसण्यावारी नेऊ नये. आवडत्या वाणास ओलाव्याची जागा देण्याकडे हाताचा कल असतोच, आणि तो आपणास कळतही नाही.

बेणे सर्वांचे सारखे हवे. वेलाच्या शेंड्याकडील, 20 ते 30 सेंटिमीटर लांबीचे, निरोगी. बुडखे घेऊ नयेत. कापल्यावर पानांसह एक-दोन दिवस सावलीत ठेवून मग लावावे. येथे एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे त्याच वेलाचे बेणे घेत गेल्याने त्यात विषाणू साठतात व उत्पन्न हळूहळू घटते. संस्थेतून आणलेला स्वच्छ वेल आणि आपल्या बाडीतील वीस वर्षांचा थकलेला वेल शेजारी लावले, तर नवे जिंकेल यात नवल नाही. पण त्या विजयात वाणाचा वाटा किती व ताज्या बेण्याचा किती? शक्य असल्यास जुन्या वाणाचे बेणेही तजेलदार वेल निवडून, वेगळ्या गादीवर वाढवून घ्यावे. आमच्या मते कित्येक जुनी वाणे निकामी ठरली ती या अन्यायाने.

पुढे खत, ओलीत, डवरणी, मातीची भर सर्व वाफ्यांस एकाच दिवशी. वेल पसरून पेऱ्यापेऱ्यांस मुळे धरू लागले की ते उचलून फिरवावे, तेही सर्वांचे. साठाव्या दिवशी प्रत्येक वाफ्यातील पाच ठरलेल्या वेलांची लांबी मोजून लिहावी. ही लांबी शेवटी कंदाच्या वजनाशी ताडून पाहण्यात मोठी मौज आहे. लांब वेल व भरघोस कंद हे नेहमी एकत्र नांदत नाहीत, हे आपल्याच वहीत दिसेल. ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत त्यांनी काढणीच्या वेळी वेलाचेही वजन करावे, कारण हिरव्या चाऱ्याच्या दृष्टीने ते फुकट जात नाही.

काढणीची वेळ दिवस मोजून व कंद कापून अशी दोहोंनी ठरवावी. पक्व कंदाच्या कापावरील चीक पांढराच राहून सुकतो. कच्च्या कंदाचा काप हिरवट-काळसर पडतो. प्रत्येक वाफ्यातील बाजूच्या दोन सऱ्या सोडून द्याव्या, कारण कडेच्या झाडांस हवा-उजेड अधिक मिळतो व शेजारच्या वाणाची सावलीही लागते. मधल्या दोन सऱ्यांचेच कंद खणून तोलावे. या दोन सऱ्यांची जागा 6 चौरस मीटर, म्हणजे एकराचा सुमारे 675 वा हिस्सा. तेव्हा तेथे 1 किलो भरले तर एकरी पावणेसात क्विंटल समजावे. 12 किलो भरले तर एकरी सुमारे 81 क्विंटल. हेच हेक्टरी 20 टन.

मात्र तोल एकदाच करून भागत नाही. एकूण वजनानंतर विकाऊ कंद वेगळे काढावे : 100 ग्रॅमच्या वरचे, न फाटलेले, भुंग्याने न पोखरलेले. उदाहरणादाखल असे धरा की, एका वाणाचे 12 किलोंपैकी 7 किलोच विकाऊ निघाले, आणि दुसऱ्याचे 10 पैकी साडेआठ. पहिल्याचे एकरी उत्पन्न 81 क्विंटल, दुसऱ्याचे साडेसदुसष्ट. चावडीवर पहिल्याची वाहवा होईल. बाजारात जाणारा माल पाहिला तर पहिल्याचा 47 क्विंटल आणि दुसऱ्याचा 57. त्यातून पहिले 120 दिवसांचे व दुसरे 100 दिवसांचे असेल, तर एकूण वजनाच्या हिशेबानेही दोन्ही वाणे एकरी दररोज सुमारे 67 किलोच देतात, आणि दुसऱ्याच्या मागे वीस दिवस आधी मोकळ्या झालेल्या जमिनीत उन्हाळी मुगाची तयारी निवांत करता येते.

पोखरलेले कंद किती, हा आकडा वेगळा लिहावा. काढणी लांबली की भुंग्याचा उपद्रव वाढतो, म्हणून उशिराच्या वाणास हा तोटा अधिक बसण्याचा संभव असतो. पोखरलेला कंद कडवट होतो; तो, किंवा बुरशी आलेला कंद, गुरांपुढे टाकण्याची चाल घातक आहे. बुरशीच्या रताळ्याने जनावरांच्या फुप्फुसांस विषबाधा होते. असे कंद शेतात न ठेवता नष्ट करावे.

आता चार वाफ्यांचा उपयोग. पुन्हा उदाहरणच घेऊ. तांबड्याचे चार वाफे 9, 11, 8 व 12 किलो, सरासरी 10. नव्याचे 10, 12, 9 व 11, सरासरी साडेदहा. अर्ध्या किलोचा फरक एकरी सव्वातीन क्विंटलांहून थोडा अधिक होतो, आणि ऐकणाऱ्यास तो मोठा वाटतो. परंतु तांबड्याच्या आपसांतल्या वाफ्यांतच चार किलोंचा फरक आहे, आणि चार फेरांपैकी एका फेरात तांबडेच पुढे आहे. अशा ठिकाणी एवढ्या आकड्यांवरून नवे श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. याउलट चारही फेरांत नवे वाण तीन-तीन किलोंनी पुढे राहिले, तर त्या फरकावर विसंबावयास हरकत नाही. एकच वाफा लावून निकाल देणारास हा भेद कळण्याचा मार्गच नसतो.

स्वाद व सुकेपणाची पारख घरीच होते. प्रत्येक वाणाचे अर्धा किलो काप करून कडकडीत उन्हात पूर्ण वाळवावे व पुन्हा तोलावे. अर्ध्या किलोचे दीडशे ग्रॅमच्या आसपास राहिले तर गर चांगला सुका समजावा. सव्वाशेच्या खाली गेले तर उकडल्यावर पाणचट लागण्याचा संभव. त्याच वेळी दहा-दहा कंद सावलीत कोरड्या रेतीत ठेवून महिन्याने किती टिकले ते पाहावे.

कन्हानकाठच्या त्या कास्तकारास आम्ही एवढेच सुचविले की, एकराऐवजी दोन गुंठे धरावे, प्रत्येक वाणाची 400 याप्रमाणे 1,200 बेणी जमवावी व बाकीच्या जमिनीत नेहमीचे तांबडेच ठेवावे. एका हंगामाचा निकाल हा त्या हंगामाचा असतो. अवकाळी पाऊस किंवा कडक थंडी एका वाणास मारक व दुसऱ्यास निरुपद्रवी ठरू शकते, म्हणून दुसऱ्या वर्षी तेच वाफे, नव्या चिठ्ठ्या टाकून, पुन्हा घालावे. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, जुन्या वाणाची एक गादी विहिरीजवळ ओलिताखाली जिवंत राखावी. बियाण्याच्या पिकासारखे रताळ्याचे वाण मडक्यात भरून ठेवता येत नाही. एका उन्हाळ्यात वेल वाळला की ते वाण त्या गावातून गेले.